आधी रिकामा काटा

बाजारातल्या झाडून सगळ्या दुकानांचे तराजू, ते तपासून दुरुस्त करणाऱ्या काटेवाल्यांच्या हाताखालून गेले होते. खोटं वजन त्यांना नुसत्या हाताला कळायचं. पण घरच्या एका वजनानं या माणसाला रडकुंडीला आणलं होतं.

ते वजन म्हणजे त्यांची मुलगी. साडेतीन वर्षांची, एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगी दूध प्यायची आणि पावाच्या आतला पांढरा भाग खायची. बस, संपला स्वयंपाक! तान्ही असताना आजारपणात तिला नाकातून नळी घातली होती. तेव्हापासून तोंडाजवळ चमचा आला तरी ती थरथरायची. आणि आता दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तीन आठवड्यांची मुदत दिली होती. "अकरा किलो झाली नाही, तर पुन्हा नळी घालावी लागेल."

गल्लीतल्या सगळ्या बायकांची अक्कल शिकवून झाली. चमच्याची आगगाडी केली, ती मिटल्या ओठांवर आपटून परत गेली. काटेवाल्यांनी तर वैतागून एकदा ताटच आपटलं, आणि मग मोरीत जाऊन स्वतःच रडले.

शेवटच्या आठवड्यात मुंगी त्यांच्या कामाच्या टेबलाशी आली. एका पारड्यात पितळी वजन होतं. दुसऱ्यात तिनं आईनं सोलून ठेवलेले मटार टाकायला सुरुवात केली. ती खात नव्हती, नुसती खेळत होती. पारडं खाली गेलं.

"जास्त झालं," काटेवाले म्हणाले.

"मग काढू?"

"काढ. पण जास्तीचा माल खाली ठेवायचा नसतो."

"मग कुठे ठेवायचा?"

त्यांनी स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. मुंगीनं बराच विचार केला आणि एक मटार जिभेवर ठेवला. दहा मिनिटांनी तो गिळला. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई पदर तोंडात कोंबून उभी होती.

तेव्हापासून रोज तराजू मांडला जाऊ लागला. गाजर आलं, बीट आलं, उकडलेला बटाटा आला. खेळाचे नियम कडक होते. आधी रिकामी पारडी सारखी आहेत का ते बघायचं. कमी असेल तर टाकायचं, जास्त असेल ते तोंडात. मुंगी दर वेळी रिकाम्या काट्याला नाक लावून बघायची. बापावरही विश्वास ठेवायची नाही.

पण मटारामटारानं किलो कुठून भरणार? गुरुवारी काटेवाल्यांनी तिला दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभं केलं. दहा किलो आठशे. दोनशे ग्रॅम कमी.

"अहो, आता काय करायचं?" बायकोनं विचारलं. नळी नाकात गेली की हे तोंड पुन्हा कधी उघडणार नाही, एवढं एकच काटेवाल्यांच्या डोक्यात घुमत होतं.

शुक्रवारी मुदत संपत होती. बापलेक दवाखान्यात लवकर पोचली. तिथला काटा दर सहा महिन्यांनी तेच तपासत. "आलोच आहे तर बघून घेतो," ते सिस्टरना म्हणाले. खिशातून पेचकस काढला आणि डायलखालचा स्क्रू जरासा फिरवला. वीस वर्षांत केलं नव्हतं ते काम दोन सेकंदांत उरकलं.

डॉक्टरीणबाई आल्या. टेबलावर ट्रे होता, ट्रेमध्ये नळी. मुंगी काट्यावर चढली.

"अकरा!" सिस्टर आनंदानं ओरडल्या.

मुंगी मात्र खाली उतरली. "बाबा, आधी रिकामा बघायचा राहिला." आणि तिनं डायलला नाक लावलं. "हा सारखा नाही."

रिकाम्या काट्यावर दोनशे ग्रॅम दिसत होते. सगळ्यांनीच ते पाहिलं.

"स्क्रू मी फिरवला," काटेवाले म्हणाले. त्यांना धरणी दुभंगली तर बरं असं झालं. पुन्हा वाकून त्यांनी काटा शून्यावर आणला. पेचकस तीनदा घसरला. मुंगी पुन्हा चढली.

"कमी आहे," ती म्हणाली.

"हो गं."

"मग टाक ना!" आणि तिनं आपण होऊन तोंड उघडलं.

काटेवाल्यांनी खिसे चाचपले. रोज गाजराच्या चकत्यांची डबी असायची. आज पेचकस घेण्याच्या नादात ती घरी राहिली होती. मुंगी तोंड उघडं ठेवून वाट बघत होती, आणि त्या बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरनी घाईघाईनं आपला डबा उघडला. त्यात पेरूच्या फोडी होत्या. मुंगीनं पेरू कधी चाखला नव्हता. तिनं एक फोड घेतली, तोंड वाकडं केलं, चावली आणि डायलकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी ट्रेवर फडकं टाकलं. "आठ दिवस देते. आणि त्या दिवशी काटा मी तपासणार."

"मी पण," मुंगी भरल्या तोंडानं म्हणाली. काटा काही हलला नव्हता. तिनं सिस्टरपुढे हात केला. "अजून."