छोट्या डब्याचा भाव

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि लिहिताना चुका होतात, माफी असावी. चौथीनंतर हातात पेन कमी आला, कोयताच जास्त.

गोंदियाच्या दुकानदाराने माझा बांबूचा डबा उलटा करून पाहिला. झाकण काढलं, लावलं. डबा ओंजळीएवढा. लग्नात मिठाई वाटायला त्याला असे दोनशे हवे होते.

"रेट बोलो, बाई."

मला बोलायची लाज. खाली पाहूनच हिशेब केला, आणि तो आमच्या दरेकसा गावच्या रीतीने केला. आमच्याकडे टोपलीचा भाव म्हणजे टोपलीभर धान. शेतकरी टोपली भरतो, धान विणणाऱ्याला देतो, टोपली घेऊन जातो. बापाने जन्मभर असंच विकलं. या डब्यात किलोभरही धान, म्हणजे वीस रुपयांचंही, मावलं नसतं. चाळीस रुपये सांगताना मला चोरी केल्यासारखं वाटलं.

"ठीक है," तो लगेच म्हणाला. तिथेच समजायला हवं होतं.

बचत गटातून बारा हजार कर्ज उचललं. आमच्या गटात एकीचं फिटल्याशिवाय दुसरीला मिळत नाही. नंबर खरं तर माझ्या मोठ्या जावेचा होता, सुकवंताबाईंचा. त्यांना मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती.

"तुही ऑर्डर आहे, तू घे आधी," त्या म्हणाल्या. "फीले टाइम आहे."

त्यांना आणि शेजारच्या जमनाला मी दीडशे रुपये रोजीने कामाला घेतलं. चौथ्या दिवशी जमनाने हात थांबवला.

"काऊन वो, दिवसभर बसून माहे दोनच डबे होऊन राहिले. तू मले दीडशे देतेस. तुले त्याचे किती भेटते?"

"ऐंशी."

"मंग मले बसवलीस कायले?" ती हसली. सुकवंताबाई हसल्या नाहीत.

कमची म्हणजे बांबू चिरून काढलेली पट्टी. टोपलीची कमची बोटभर रुंद, म्हणून दिवसात तीन टोपल्या होतात. डब्याची कमची गवताच्या काडीएवढी. ती सोलण्यातच सकाळ जाते. वर झाकण नेमकं बसलं पाहिजे. वस्तू लहान तेवढं काम जास्त, हे माझ्या हातांना माहीत होतं. भाव सांगताना मी त्यांना विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भाव वाढवून मागायला गाडीने गोंदियाला गेले. दुकानदार वाईट बोलला नाही. "जबान दी थी ना, बाई. मैंने भी आगे रेट दे दिया."

दोनशे डबे पूर्ण केले. आठ हजार आले. बांबू, रंग, गाडीभाडं आणि दोघींची रोजी मिळून बारा हजार गेले होते. माझे चाळीस दिवस फुकट. आलेले सगळे गटात भरले, तरी चार हजार राहिले. तेवढ्यात फीची तारीख गेली. सुकवंताबाईंची मुलगी मजुरांच्या टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली.

बोरिंगवर मी दिसले की सुकवंताबाई अर्धी घागर उचलून निघायच्या.

आता भाव काढताना मी दिवस मोजते. अर्ध्या दिवसाची रोजी पंच्याहत्तर, बांबू-रंग पंधरा, भाडं आणि बिघडलेल्या मालाचे तीस. एकशे वीस. तोंडाने सांगवत नाही, म्हणून चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवते. बरेच लोक चिठ्ठी वाचून डबा परत ठेवतात.

तो दुकानदारही म्हणाला, "इतना छोटा, और एक सौ बीस?"

जमना सोबत होती. "धान भराचा हाये का त्यात?" ती म्हणाली.

त्याने पन्नासच डबे घेतले. त्यातून खर्च जाऊन उरलं ते गटात भरलं, बाकीचं मी धानाच्या रोवणीच्या मजुरीतून जमवलं.

काल गटात शेवटचे पाचशे भरले. अध्यक्षबाईंनी सुकवंताबाईंना विचारलं, "आता तुमचा नंबर. किती लिहू?"

"आता कायले?" त्या म्हणाल्या.

वही माझ्याकडे आली. मी सही केली. कर्ज पूर्ण फिटलं.