ट्रंपेटातला लांडगा

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचा लग्नाचा बँड होता, थोरल्या भावाचा. वरातीची गाणी तो वाजवायचा, मला त्यांचा कंटाळा. मी एकटाच ट्रंपेटवर लांडगा वाजवायचो. खटके अर्धेच दाबायचे, फुंकता फुंकता घशातून गुरगुरायचं, ट्रंपेटच्या तोंडावर पितळी लोटा धरून हळूहळू बाजूला करायचा, आन् हे सगळं मांडवात गुडघ्यावर रांगत. जवळा बाजारापासून कुरुंद्यापर्यंत लोक म्हणायचे, लांडगेवाल्याला आणा. डोक्यात हवा गेली होती माझ्या, खोटं काहून बोलू.

एकदा कुरुंद्याकडं एका मेंढपाळाच्या लेकीचं लग्न होतं. मांडवाला लागूनच काट्याच्या कुंपणात मेंढ्या. उतरल्याबराबर भाऊ म्हणला, "आज लांडगा काढायचा न्हाई. लेकीच्या आंदणाच्या मेंढ्या हायेत, गाभण हायेत."

"व्हय," म्हणलं.

अक्षता पडल्या, भाऊ जेवायला बसला. नवरदेवाच्या दोस्तांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आन् मी चढलो. लोटा उचलला. मांडव हसून लोळला. मी तिरक्या नजरेनं मेंढ्यांकडं बघितलं. एक बी ओरडली न्हाई, सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून गप. मला वाटलं, ह्यांना काही तकलीफ न्हाई. म्हणून अजून लांबवलं. मेंढरू लांडग्याला भ्यालं की आवाज करत न्हाई, हे मला बँडवाल्याला काय ठाऊक? नवरीची आई तेवढी हातातलं ताट टाकून कुंपणाकडं पळाली. ते मी बघितलं. पण लोक टाळ्या वाजवून राहिले होते, मी थांबलो न्हाई.

आठवड्यानं भावानं मला माफी मागायला धाडलं. मी नवरीच्या अंगणात गेलो. जवळजवळ सगळ्याच मेंढ्यांनी गाभ टाकला होता, दोन-तीन मेल्या होत्या. लेक पाचपरतावणाला माहेरी आली होती, तिच्यासंगं त्या सासरी जायच्या होत्या. सासरहून निरोप आला होता, गाभण मेंढ्या येतील तवाच लेक येऊ द्या.

मी नवरीच्या आईच्या पायाशी वाकलो. तिनं शिवी दिली न्हाई.

"ऊठ बाबा. चांगलं वाजवलंस. माणसं हसली, मेंढ्यांना खरं वाटलं."

इतकं कुणीच कधी मला नावाजलं नव्हतं. नवरी दारात बसली होती. मान वर करून तिच्याकडं बघायची माझी छाती झाली न्हाई.