पाच लिटरची म्हैस

जनावरं पाळणाऱ्यांना सल्ला द्यायचं काम मला मिळालं, तेव्हा प्रशिक्षणात एकच गोष्ट घोटून घेतली होती. आधी ऐका. समोरच्याचं आयुष्य गोठ्यात गेलेलं असतं, त्याच्या तोंडची माहिती खरी धरा, वाद घालू नका. आमच्या घरात कोणीच कोणाचं ऐकत नाही, त्यामुळे ऐकण्याचाही पगार मिळतो याची मला गंमत वाटली होती.

गास गावात एका मावशींकडे एकच म्हैस उरली होती. नवरा गेलेला, मुलगा गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये. त्याचं म्हणणं, म्हैस वाडा तालुक्यातल्या कोणालातरी देऊन टाकू आणि तू आमच्याकडे ये. मावशींनी त्याच्याकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. म्हैस नुकतीच व्यायली होती. दूध टिकलं आणि ती वेळेवर पुन्हा गाभण राहिली, तर ती राहणार आणि मावशीही आपल्या घरात राहणार. म्हणून या खेपेला सगळं नियमानं करायचं त्यांनी ठरवलं आणि मला बोलावलं.

"दूध किती देते?" मी वही उघडून विचारलं.

त्यांनी एकदा म्हशीकडे बघितलं. "पाच."

"दोन्ही वेळचं मिळून?"

"हां. पाचच धर."

मी धरले. मी देशावरची. आमच्याकडे दूध डेअरीवर जातं, मापाची पावती मिळते, कोणाची म्हैस किती देते हे अख्ख्या गावाला पाठ असतं. इथे मावशी समोरच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी रतीब घालायच्या. तिथे कसली पावती? पण खोटं का सांगतील, हा प्रश्नच माझ्या मनात आला नाही.

मग मी तक्ता काढला. अंग टिकवायला दोन किलो खुराक आणि दर लिटरमागे अर्धा किलो. म्हणजे साडेचार. मावशी अंदाजाने जवळजवळ साडेसहा किलो घालत होत्या. दोन किलो पेंड वाया चाललीय, उलट पोट बिघडेल, असं मी त्यांना चांगलं ठणकावून सांगितलं. तेव्हा माझा आवाज फार चढा असायचा.

"तू शिकलेली, बाय. तुला समजत असंल," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मोजून साडेचार घालायला लागल्या.

महिन्याभरात म्हशीच्या बरगड्या दिसायला लागल्या. मला काही सुचेना. जंताचं औषध दिलं, खनिज मिश्रण सुरू केलं, पाणी कमी पितेय का ते विचारलं. डॉक्टरांना घेऊन गेले, त्यांनी तपासलं, आजार कसलाच नाही म्हणाले. दूधही आटत चाललं होतं. किती आटलं म्हणून विचारलं तर मावशी म्हणाल्या, "चार झालं." माझ्या तक्त्यानुसार खुराक आणखी अर्धा किलो कमी व्हायला हवा होता. तेवढी अक्कल शाबूत होती म्हणून केला नाही. नालासोपाऱ्याच्या घरी बसून मी तोच हिशेब चारचारदा मांडला आणि चारही वेळा तो बरोबर आला. माझी चिडचिड व्हायची, कधी म्हशीवर, कधी मावशींवर. मी तर सगळं ऐकलं होतं. मग चुकतंय कुठे?

म्हैस माजावर आलीच नाही. तीन महिने झाले तसा मुलगा टेम्पो घेऊन आला. तो वाईट माणूस नव्हता, आईला कपडे भरायला त्यानं स्वतः मदत केली. कळलं म्हणून मीही सकाळी गेले होते. म्हैस आधी चढेना, मग मावशींनी नुसता कपाळावर हात ठेवला तशी चढली.

टेम्पो वळणापलीकडे गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"नऊ लिटर द्यायची," त्या म्हणाल्या. "व्यायली तेव्हा नऊ. आता सांगायला काय हाय, आता ती माझी नाय."

"मग मला पाच का सांगितलंत?"

"खरा आकडा कोनी सांगतं काय, बाय? नजर लागते."

उभ्या उभ्या माझ्या डोक्यात हिशेब झाला. नऊ लिटरला साडेसहा किलो. म्हणजे त्या बिनतक्त्याच्या, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने अगदी बरोबर घालत होत्या. मी रोज दोन किलो काढून घेतले होते, तीन महिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाच सांगितले तरी लागलीच बघ," मावशी म्हणाल्या. "कोनाची लागली, काय कलत नाय."

आता हे सांगायचं की नाही? सांगितलं तर आपणच जपायला म्हणून बोललेल्या शब्दानं म्हैस उपाशी राहिली, हे त्यांना गोखिवऱ्याच्या चौथ्या मजल्यावर बसून जन्मभर आठवणार. नाही सांगितलं तर बिल्डिंगमधल्या कोणा बाईवर संशय जाणार. यावर प्रशिक्षणात एक अक्षर नव्हतं.

"माझीच लागली असेल, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "गप गो. तुझी कशी लागंल? तू तिच्याकडं बघितलंस कधी? तू तर वहीतच बघायचीस."