रस्त्याला द्यायचं चाक

पंक्चर झालेल्या गाडीतून झक मारत सगळेच उतरतात. पण गाडी ठणठणीत असताना, चारही चाकांत हवा टम्म भरलेली असताना, घराच्या फाटकातच उतरून चाक बदलायला बसणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. मूळचे असोद्याचे. नोकरी वरणगावच्या कारखान्यात झाली, निवृत्तीनंतर जळगावात घर बांधलं. अंगाने काटकुळे, बोलणं मऊ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय सरळ माणूस आहे. त्या बघणाऱ्याला एकदा त्यांच्या जीपमध्ये बसवायला पाहिजे.

माझं बिऱ्हाड धुळ्याला. स्वतःची गाडी मी घेतली नाही, त्यामुळे लग्नकार्यं, देवदर्शनं आणि लांबच्या सफरी या जुन्या जीपमधूनच घडल्या. निघायचं म्हटलं की सामान भरून आम्ही सगळे आत बसायचो. साडू जीप सुरू करायचे, फाटकापर्यंत आणायचे, बंद करायचे आणि खाली उतरायचे. मग एका चाकाशी उकिडवं बसून त्याची सगळी हवा सोडून द्यायचे. मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला अगदी समजुतीने सांगितलं, "रस्ता एक चाक मागतोच, साडूभाऊ. तो मागेल तिथं देण्यापेक्षा आपण घरूनच देऊन निघावं."

नुसती हवा सोडून भागत नसे. पंक्चर खरं वाटलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी सगळ्यांनी उन्हात उतरायचं, घाम पुसायचा, वैतागायचं. अक्का इतक्या वर्षांत इतकी तयार झाली होती, की डब्याची पिशवी मांडीवरून उचलता उचलताच ती "व माय, आताच व्हायचं होतं का हे?" असं म्हणायची आणि पुढच्या क्षणी शेजारणीशी लोणच्याबद्दल बोलायला लागायची. माझ्यावर मात्र साडूंचा भरवसा नव्हता. जॅक लावता लावता मान वर करून म्हणायचे, "तुमचं तोंड हसरं दिसू रायलं. असं रस्त्याले खरं वाटणार नाही." मग मी तोंड वाकडं करायचो. त्याला काही फार कष्ट पडत नसत, कारण ऊन खरंच असायचं. चाक बदलून झालं की रिकामं चाक कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे न्यायचं, हवा भरून घ्यायची, आणि मग प्रवास सुरू. कच्छला गेलो तेव्हा गुजरातची हद्द लागताच पुन्हा सगळ्यांना खाली उतरवलं. राज्य बदललं म्हणजे रस्ता बदलला, इथे कालचं चालत नाही, म्हणाले. अमरकंटकच्या वेळी माझी बायको गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, तर म्हणतात कसे, "बसून राहा, पण नाराज दिसा."

कोणत्या रस्त्याला कोणतं चाक लागतं, हे त्यांना पाठ होतं. धुळ्याच्या रस्त्याला डावं पुढचं. सावद्याच्या रस्त्याला उजवं मागचं, तेही केळीच्या बागा दोन्हीकडून अंगावर येतात त्या वळणावर. हे ते अशा सुरात सांगायचे, जणू एखाद्या आत्याबाईंना वांगं चालत नाही आणि काकांना भरीत लागतंच. मी धुळ्यात विम्याच्या कचेरीत आहे. दिवसभर लोकांच्या भीतीवरच आमचं पोट, त्यामुळे मी हे सगळं कौतुकाने ऐकून सोडून द्यायचो.

सोडून देणं बंद झालं ते सावद्याच्या एका साखरपुड्याच्या दिवशी. सकाळपासून फोनवर फोन, मुहूर्त टळतो म्हणून आमच्या सासरची मंडळी डोक्यावर बसलेली. साडूंना फाटकात थांबूच दिलं नाही. भर दुपारी आम्ही त्या वळणाशी आलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाऱ्याचा पत्ता नव्हता, तरी केळीच्या एकाच ओळीची पानं हलत होती. बाकीची बाग गप्प उभी होती. साडूंनी जीप बाजूला घेतली. चाकात हवा होती, जीप नीट चालत होती. त्यांनी उतरून मागच्या उजव्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "थांबा. येऊ रायलं." आम्ही बघत असताना ते चाक खाली बसलं. फुस्स नाही, फट नाही. दमलेलं माणूस जिन्यावर बसतं तसं हळूच बसलं. पुढे सावद्याच्या पंक्चरवाल्याने ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवली, गोल गोल फिरवली, एक बुडबुडा निघाला नाही. "ट्यूब चांगली आहे भो," तो म्हणाला. "हवा कोणी काढली?" साडू माझ्याकडे बघत होते. मी साखरपुड्याचे पेढे कसे आहेत ते बघायला निघून गेलो.

आता दुसरा प्रकार. जीपच्या मागच्या भागात माणसं कमी आणि चाकं जास्त असत. स्वतःची स्टेपनीसुद्धा ते आतच ठेवायचे. बाहेर लावली तर रस्त्याला दिसते. बाकीची चाकं दुसऱ्यांसाठी. भंगारवाल्याकडून आणलेली, चार नटांची, पाच नटांची, छोट्या गाडीची, मोठ्या गाडीची. आम्ही त्यांच्यावर पाय ठेवून गुडघे हनुवटीला लावून बसायचो. भाचीसाठी स्थळ बघायला गेलो, तर बैठकीत मुलगा काय करतो हे आम्ही विचारत होतो, आणि साडू अंगणात मुलाच्या गाडीचे नट मोजून आले. म्हणाले, "पाच नटांची आहे. सोयरिक करायले हरकत नाही."

दुसऱ्यांसाठी चाकं कशाला, याचं उत्तर ते जरा खाली मान घालूनच द्यायचे. "घरी देतो ते खोटं ना, साडूभाऊ. रस्ता फसतो, पण त्याची भूक जात नाही. आपण सुटलो की मागून येणाऱ्याचं घेतो. मग आपण त्याले चाक द्यायले नको?" आणि खरंच, धुळ्याला येताना, रस्ता चाक मागतो त्या ठरलेल्या जागी, एक कुटुंब उन्हात उभं असलेलं मी स्वतः बघितलं. गाडी झुडपाआड होती, चाक दिसत नव्हतं. साडूंनी जीपमधूनच विचारलं, "डावं पुढचं ना?" साक्रीकडचा शेतकरी होता तो. "हां भाऊ," तो म्हणाला, "बठ्ठी हवा गयी, सगळीच. खिळा नही, काटा नही." न बघता साडूंना कसं कळलं, हे त्या बिचाऱ्याने विचारलंही नाही. साडूंनी त्याला चार नटांचं चाक काढून दिलं, स्वतः बसवून दिलं, त्याच्या मुलीच्या हातात बिस्किटं दिली. आपल्या वाटचं दुसऱ्याला भोगायला लागतं, हे साडूंना मनापासून लागायचं.

मग गेल्या उन्हाळ्यातला तो दिवस आला. सावद्यालाच नातलगांकडे बारसं होतं. अक्का मोरपंखी साडी नेसून सगळ्यांना वाढत होती. वाढता वाढता ती ओट्यावर बसली, छातीवर हात ठेवला, आणि तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. गावातल्या डॉक्टरांनी गोळी जिभेखाली दिली आणि सांगितलं, एक मिनिट घालवू नका, जळगावला न्या. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. अक्काला जीपमध्ये आडवं करायचं तर मागे जागा पाहिजे. साडूंनी एका शब्दाने न विचारता मागची ताडपत्री वर केली आणि चाकं बाहेर फेकायला सुरुवात केली. चार नटांची, पाच नटांची, शेवटी स्वतःची. सगळी अंगणात घरंगळली. बारशाची बायकामाणसं बाजूला होत होती. दुधाची पिशवी आणायलासुद्धा स्टेपनीशिवाय न जाणारा माणूस फाटकात न थांबता, कोणाला न उतरवता, एकही जादा चाक न घेता निघाला.

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मागे माझ्या बायकोच्या मांडीवर अक्काचं डोकं. अक्काच्या श्वासाचा आवाज येत होता. ते वळण जवळ आलं तसं साडूंनी स्टिअरिंग आवळून धरलं. माझ्याही मनात एकच, आत्ता नको. वळणावर जीप एकदा मागून उजवीकडे खाली गेल्यासारखी वाटली, आणि पुन्हा सरळ झाली.

पुढे रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी होती. तशीच जुनी जीप. मागचं उजवं चाक जमिनीला टेकलेलं. एक काटकुळा माणूस रस्त्यात येऊन दोन्ही हात वर करून उभा होता. त्याच्या मागे ताडपत्री वर केलेली होती, आत कोणी बाई आडवी होती. मला तिची पावलं दिसली आणि साडीचा काठ दिसला. मोरपंखी होता. तशा साड्या काय कमी असतात, हे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलो आहे. माणसाचा चेहरा मला दिसला नाही, उन्हाने काच चकाकत होती. साडूंना दिसला. त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. जीप किंचित हळू झाली, मागे अक्का कण्हली, आणि त्यांनी गाडी त्या माणसाच्या बाजूने पुढे काढली. आरशात मी बघितलं तर रस्ता रिकामा होता, की आरसा हलत होता, ते मला नाही सांगता येणार. बायकोने काहीच पाहिलं नाही. तिचं लक्ष बहिणीकडे होतं.

अक्का वाचली. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळ्यांनी देवाला हात जोडले. साडू मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसून आपल्या तळहातांकडे बघत होते.

तेव्हापासून त्यांचं फाटकातलं नाटक बंद झालं. आता ते दर आठवड्याला त्या वळणावर जातात. जीपचं एक चाक उतरवून कडेला टेकवून ठेवतात आणि ऊन कलेपर्यंत तिथे उभे राहतात. तिथे आता कोणाचं चाक बसत नाही. सावद्याच्या, फैजपूरच्या सगळ्या पंक्चरवाल्यांना, दवाखान्यांना त्यांनी विचारून झालं. अशी गाडी, अशी बाई कोणाकडे आलीच नव्हती. मी एकदा चिडून विचारलं, "भाऊ, कोणाची वाट बघता तुम्ही? त्यांना केव्हाच कोणी तरी नेलं असेल."

"त्याच्यापाशी स्टेपनी नव्हती, साडूभाऊ," ते म्हणाले. "त्यानंही घाईत अंगणात टाकून दिली असेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तोंड पाहिलं ना त्याचं," ते म्हणाले. खरं सांगायचं तर पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

अक्का हिंडूफिरू लागल्यावर एकदा स्वयंपाकघरात तिने मला गाठलं. "पाव्हणे, खरं सांगा. त्या गाडीत कोण होतं? हे मले सांगत नाहीत, नुसते रडतात." थाप मारावी असं फार वाटलं, पण अक्कासमोर मला थाप जमत नाही. एक बाई होती, आडवी होती, एवढंच सांगितलं. अक्काने पदराने हात पुसले, गॅस बंद केला. मग म्हणाली, "तिले पाणी तरी द्यायले पाहिजे होतं कोणी." दुसऱ्या आठवड्यापासून तीही त्यांच्याबरोबर जायला लागली.

परवा मी एसटीने सावद्याला जात होतो. दुपार होती. वळणावर दोघं दिसली. चाक कडेला टेकवलेलं, साडू रस्त्याकडे तोंड करून उभे. अक्का केळीच्या सावलीत पाण्याचा कॅन घेऊन बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोळ्यांवर हात धरून बघत होती. मी खिडकीतून हात केला, त्यांचं लक्ष नव्हतं. ती गाडी कधीच येऊ नये, असं मला वाटत होतं. आणि आलीच, तर त्या माणसाने चाकाकडे नंतर बघावं. आधी वाचून सावलीत बसलेल्या अक्काकडे बघावं.