बकरीची दुसरी चप्पल

“हिले दुसरी चप्पल कोनं देल्ली?”

शाळेच्या चित्रप्रदर्शनात, पहिलं बक्षीस मिळालेल्या माझ्या चित्रासमोर उभा राहून पेंटर स्वतःशीच बोलला. आदिलाबादच्या स्टँडजवळ दुकानांच्या पाट्या रंगवताना तो मला रोज बसमधून दिसायचा. करंगळी टेकवून तेलुगु अक्षरं काढायचा आणि शेवटी कोपऱ्यात एक छोटी बकरी, मागच्या दोन पायांवर उभी, एकाच पायात चप्पल घातलेली. मला ती फार आवडायची. म्हणून मी ती काढली, दुसऱ्या पायातही चप्पल घातली आणि खाली माझं नाव लिहिलं. आज तो शाळेची पाटी रंगवायला आला होता.

मिसनी कौतुकानं मला पुढे केलं. “सगळी हिचीच कल्पना बरं का, पेंटरदादा.”

तो रागावला नाही. “बेस काढली, पोरी. पन ते बकरी हरवलेली चप्पलच तर धुंडून राह्यली होती, पाटीपाटीवर. आता दोनी चपला भेटल्या, काऊन फिरंन ते?”

बक्षिसाची फीत मी मुठीत लपवली. तो रंगाचा डबा उचलून दारापर्यंत गेला, तेव्हा कुठे मी मिसना हाक मारली.

“मिस, बकरी यांची आहे. माझी फक्त चप्पल.”