खेळ आणि काम एकाच डिस्कवर

हसायचं असेल तर हसा बुवा, मी अडवणार नाही. फक्त आधी तो चहाचा घोट गिळा. कारण या किश्श्यात एक माणूस गेलेला आहे, आणि गाढवपणा मागे राहिलेल्याने केलाय. म्हणजे मी.

आमचा संज्या. पुण्यातल्या कॉलेजपासूनचा दोस्त, इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत माझ्यापासून दोन रस्ते सोडून राहायचा. रविवारी आम्ही दोघं कॉम्प्युटरवर गेम खेळायचो आणि ते इंटरनेटवर लाइव्ह दाखवायचो. बघणारे किती? त्याचा एक मामेभाऊ, तोही जागा असला तर! शिवाय मी मंडळाच्या गणपतीचे, लोकांच्या बारशांचे व्हिडिओ एडिट करून द्यायचो. तेव्हा दोन्ही झेपेल असं एकच मशीन बांधायचं ठरलं. बजेट बायकोने ठरवलं, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

पार्ट निवडताना संज्या स्थळ बघायला आल्यासारखा चौकशा करायचा.

"ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घेऊ, चालतं. रॅम मात्र भरपूर, नाहीतर एडिटिंग करताना रडशील. आणि मंद्या, डिस्क दोन घे. एकीवर खेळ, एकीवर काम. सगळी सेटिंग वेगळी. मिसळलंस की मेलास!"

"दुसऱ्या डिस्कच्या पैशात लाइटवाले पंखे येतात रे."

"लाइटने काय व्हिडिओ लवकर होतो?"

"काचेतून दिसतात ना!"

"दुकानदाराला तुझ्यासारखा रोज एक बकरा मिळाला तर तो बंगला बांधेल."

मी पंखेच घेतले. अख्खं इंद्रधनुष्य, राव! सूड म्हणून संज्याने आमच्या चॅनेलवर स्वतःचा आवाज बसवला. बघणाऱ्याने मेसेज टाकला की आधी पिपाणी वाजायची, मग संज्या खणखणीत ओरडायचा, "आला रे आला, अजून एक बकरा आला!" आम्ही हसून लोळायचो.

मग फेब्रुवारीत संज्या गेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. हार्ट. तुमच्याआमच्याच वयाचा होता हो.

त्याची आई सांगलीला. आमच्या काकू. व्हिसा वेळेत मिळणं शक्यच नव्हतं. एकुलत्या एका मुलाचं तोंड शेवटचं बघायचं ते स्क्रीनवरच.

"भावजी," वैशाली वहिनी, म्हणजे संज्याची बायको, मला म्हणाली, "घरातले विधी फोनवरून दाखवाल का आईंना?"

फोनवरून? माझ्या संज्याला? "वहिनी, मी तीन कॅमेरे लावतो," मी म्हटलं. एवढं तरी त्याच्यासाठी नीट करावं, असं मनापासून वाटत होतं.

मशीन उचलून त्यांच्या हॉलमध्ये नेलं, आमच्या चॅनेलची लिंक सांगलीला पाठवली. संज्याची शवपेटी आली, गुरुजी आले, मी बटण दाबलं आणि कोपऱ्यात दिवाळी! गुलाबी, हिरवं, निळं. गुरुजींनी मंत्र थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने त्यावर चादर टाकली, तर चादरच रंग बदलायला लागली. हेडफोन काढून ठेवले. दुःखाच्या घरात कानाला ते लावून बसणं बरं दिसतं का? स्पीकर तर आधीच बंद केले होते.

चॅनेलवर मेसेज यायला लागले. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'ॐ शांती.' आधी एखाददुसरा, मग धो धो! वाचायला मला सवड कुठे होती? गुरुजी बोलले की लांबचा कॅमेरा, कुणी हार घातला की जवळचा. पण लोकांचं केवढं प्रेम होतं याच्यावर, असं वाटून डोळे भरून आले.

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं! एकच डिस्क, एकच सेटिंग.

तिकडे सांगलीत अख्खी गल्ली टीव्हीपुढे बसलेली. कुणी लिहितंय 'भावपूर्ण श्रद्धांजली', की वाजली पिपाणी, आणि टीव्हीतून संज्या ओरडतोय, "आला रे आला, अजून एक बकरा आला!" लोकांनी घाबरून लिहिलं, 'आवाज बंद करा.' अजून एक बकरा आला! 'अहो, कुणीतरी बघा!' अजून एक बकरा आला!

माझा फोन खिशात थरथरत होता. संज्याचे काका. कापला. परत काका. परत कापला. कौतुक करायला हीच वेळ सापडली का यांना? मग काकूंचा आला. तोही कापला, हो. दारात अंत्यविधीच्या कंपनीचा काळ्या कोटातला माणूस घड्याळ बघत उभा होता. क्रेमेटोरियमची वेळ चुकवून चालत नाही. झाकण लावलं, पेटी पुढच्या गाडीत गेली, आम्ही मागच्या गाडीत बसलो. तेव्हा कुठे मी फोन उचलला.

"मंदार," काकूंना धाप लागली होती, "गाडी थांबव. झाकण काढायला सांग त्यांना. तो बोलतोय रे! मी ऐकलंय. माझं पोर बोलतंय, आणि तुम्ही त्याला कुठे घेऊन चाललाय?"

एका आईला दुसऱ्यांदा सांगायचं, की तुमचा मुलगा गेलाय! सांगितलं. डिस्क, पंखे, पिपाणी, सगळं रडत रडत सांगितलं. काकूंनी फोन ठेवून दिला.

शरमेने पुढे कितीतरी दिवस त्यांना फोन करायची माझी छाती झाली नाही. शेवटी केला. "काकू, माफ करा. तो आवाज आजच काढून टाकतो."

"हात लावू नकोस त्याला," काकू म्हणाल्या. "मशीन चालू कर. मला लिहायचंय."

मी चॅनेल लाइव्ह केलं. या वेळी हेडफोन घातले. बघणाऱ्या एकट्या काकू. त्यांनी लिहिलं, 'जेवलास का.' पिपाणी वाजली, संज्या ओरडला. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. तो पुन्हा ओरडला. असं बराच वेळ चाललं. मी कोपऱ्यातले ते रंगीत पंखे बघत बसलो.

मग त्यांनी फोन केला. "मंदार, हा बकरा बकरा कुणाला म्हणायचा रे तो?"

"मला, काकू. सगळं सांगूनही ऐकलं नाही म्हणून."

"बरोबर म्हणायचा," काकू म्हणाल्या.