देवघरामागची भिंत

बोरिवलीतलं हे घर बघायला गेलो तेव्हा आम्ही गळक्या भिंतीला नमस्कार करून आलो. ऐकणाऱ्यांना हसू येतं. मला अजून येत नाही.

विकणारे काका आमच्याच गावचे, पलीकडच्या वाडीतले. गाववाला म्हटल्यावर मी तिथेच निम्मा विरघळलो. बायकोचं म्हणणं होतं, माहितगार माणूस नेऊन भिंती ठोकून बघू. मी तिलाच ऐकवलं की गाववाल्याच्या घरात माणूस घेऊन जायचं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच, उद्या गावच्या जत्रेला तोंड कसं दाखवायचं? आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला टेकून त्यांचं भलंमोठं लाकडी देवघर होतं. काकूंनी निरांजन लावलं, हातावर साखर ठेवली. आम्ही हात जोडले. मग बायको देवघराच्या कडेने वाकून मागे बघायला लागली. इथे कुबट वास येतोय रे, असं हळूच म्हणाली. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि काकूंकडे बघून कसनुसा हसलो.

ताबा मिळाला. देव काकांबरोबर गेले आणि मागे ताज्या रंगाची भिंत उरली. जुलैत ती फुगली, मग प्लास्टरचे पोपडे पलंगावर पडायला लागले. ती आमच्या लेकीची खोली. खोकून खोकून तिचा जीव जायला लागला तेव्हा तिचं अंथरूण हॉलमध्ये आणलं. घाटकोपरची जुनी खोली विकून, होतं नव्हतं ते घालून घेतलेलं घर. सोडून जाणार कुठे?

शेजारच्या वहिनींनी बोलता बोलता सांगितलं की देवघर इतकी वर्षं स्वयंपाकघरातच होतं. घर बघायला लोक यायला लागले तेव्हा ते आत हलवलं. फसवलं गेल्याचा राग मला नंतर आला. आधी लाज वाटली. देवाच्या आडून मला गंडवलं, आणि मी हात जोडून गंडलो. त्याहून मोठी लाज ही, की बायको यावर एक अक्षर बोलली नाही. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

काकांना फोन केला. ते चिडले नाहीत की ओशाळले नाहीत.

"भिंत मी दाखवलंय नाय, ता खरा," ते म्हणाले. "पण तू तरी खंय इचारलंस?"

आणि फोन ठेवला. त्याच आठवड्यात मी दिंडोशीला, कोर्टाजवळच्या एका वकिलासमोर जाऊन बसलो. घर दोघांच्या नावावर, म्हणून बायकोही सोबत होती.

वकिलांनी एकेक दार उघडून बंद करून दाखवलं. बिल्डरला धरायची मुदत कधीच उलटून गेलेली, बिल्डिंग जुनी. ग्राहक मंचाचा उपयोग नाही, कारण काका काही घरं विकण्याचा धंदा करत नाहीत. बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती सोसायटीकडे मागता येईल, पण ती कधी होईल ते सोसायटीच जाणे. राहिला दिवाणी दावा. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि साधी काळजी घेऊनही घेणाऱ्याला दिसला नसता असा दोष त्याने सांगायलाच हवा, नाहीतर नुकसानभरपाई मागता येते. 'घर आहे तसं घेतलं' असं करारात असलं तरी मुद्दाम लपवलेल्या दोषाला ते वाक्य वाचवत नाही. देवघर हलवून बघणं साध्या काळजीत बसत नाही, असं ते कोर्टाला सांगू शकत होते. शेजारच्या वहिनी साक्षीला तयार होत्या. मला पहिल्यांदा जरा हुशारी वाटली.

"फक्त एक सांगा," वकील म्हणाले. "घर बघताना तुमच्यापैकी कोणाला शंका आली होती का? वास, ओल, काहीही? आली असेल आणि तरी तुम्ही बघितलं नसेल, तर समोरचा वकील तिथेच आपली वाट लावेल. हे तुम्हाला शपथेवर लिहून द्यावं लागेल."

खरं सांगायचं तर ते मीच सांगायला हवं होतं. शंका तिची होती, पण दंड धरणारा हात माझा होता. तोंड उघडावं तर लेकीची खोली जाते, आणि माझा मूर्खपणा परक्या माणसासमोर उघडा पडतो. यातलं कशाचं भय जास्त होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत बसलो.

बायकोने थोडा वेळ माझी वाट बघितली.

"नाही," ती म्हणाली. "मी नमस्कार केला फक्त. मागे बघायचं मला सुचलंच नाही."

वकील खूश झाले. लिहिता लिहिता हसले आणि मला म्हणाले, "बायकांचं असंच असतं हो. देवघर दिसलं की दुसरं काही दिसत नाही."

मीही त्यांच्याबरोबर हसलो.